द्यूत, राजकोष आणि महाराष्ट्र : एका न वापरलेल्या कायद्याचा इतिहास

कायदे दोन प्रकारचे असतात. काही कायदे संमत होताच समाजजीवनात मिसळून जातात, तर काही राजपत्रात छापले जातात आणि पुढे कपाटातच पडून राहतात. महाराष्ट्र राज्याच्या इतिहासात या दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे सन १९७६ चा महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम होय. विधिमंडळाने तो संमत केला, पण अंमलबजावणीची अधिसूचना काही निघाली नाही. तब्बल सत्तेचाळीस वर्षे हा कायदा ना जिवंत ना मृत अशा अवस्थेत राहिला आणि अखेर सन २०२३ मध्ये राज्य शासनाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला.

जुगाराला राज्याने परवानगी द्यावी काय, आणि दिल्यास त्यातून कर घ्यावा काय, हा प्रश्न वरवर पाहता मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांपुरता वाटेल. परंतु कापसाच्या भावावर जगणाऱ्या आणि दुष्काळ अनुभवलेल्या जालन्यासारख्या जिल्ह्याचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. म्हणूनच त्याचा मुळापासून विचार करणे उचित ठरेल.

प्राचीन भारतातील दोन मते

हा वाद आजचा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात द्यूतात सर्वस्व गमावलेल्या जुगाऱ्याचा विलाप सांगणारे एक संपूर्ण सूक्त आहे. घर सुटले, पत्नी दुरावली, आप्त ओळख देईनात, तरी फाशांचा मोह सुटत नाही, ही त्याची व्यथा. हजारो वर्षांपूर्वीचे हे वर्णन आजच्या कोणत्याही गावातील कुटुंबाला अपरिचित वाटणार नाही.

राजाने द्यूताचे काय करावे, याविषयी मात्र प्राचीन ग्रंथकारांत स्पष्ट दोन पक्ष आढळतात. मनुस्मृतीने द्यूत व प्राण्यांच्या झुंजींवरील पैजा या दोन्हींना राज्यातून हद्दपार करण्याचा आदेश राजाला दिला. याउलट कौटिल्याने अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमण्याची व्यवस्था सांगितली. द्यूत एकाच ठरावीक ठिकाणी चालावे, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड व्हावा, जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच भाग राज्याने घ्यावा आणि फासे, पाणी व जागा यांचे भाडेही वसूल करावे, असा तो नियम होता. छुप्या मार्गाने उपजीविका करणाऱ्यांचा अशा ठिकाणी सुगावा लागतो, हाही त्यामागे हेतू होता. याज्ञवल्क्यस्मृतीनेही राजाच्या देखरेखीखालील द्यूत मान्य केले. ‘बंदी’ आणि ‘परवाना व कर’ हे आधुनिक विधिमंडळांतील दोन्ही पक्ष अशा प्रकारे दोन हजार वर्षांपूर्वीच मांडले गेले होते.

जैन परंपरेने या वादात निःसंदिग्ध भूमिका घेतली. श्रावकाने त्याज्य मानलेल्या सप्तव्यसनांत द्यूताचे नाव सर्वप्रथम येते. हा क्रम अर्थपूर्ण आहे. चोरी, मद्य आदी इतर व्यसनांकडे नेणारे दार द्यूतातून उघडते, अशी त्यामागची धारणा आहे. ही केवळ वैयक्तिक आचाराची शिकवण राहिली नाही, तर राज्यकारभारातही उतरली. बाराव्या शतकात अणहिलपाटणचा चौलुक्य नृपती कुमारपाल याने आचार्य हेमचंद्रांच्या उपदेशाने राज्यात द्यूतादी व्यसनांना बंदी केली, असे परंपरा सांगते. त्याच्यानंतर लवकरच यशःपाल याने लिहिलेल्या ‘मोहराजपराजय’ या रूपकात्मक नाटकात व्यसनांच्या या हद्दपारीचा प्रसंग येतो. निपुत्रिकाच्या मृत्यूनंतर त्याची संपत्ती राजकोषात जमा करण्याची प्रथाही कुमारपालाने सोडून दिली. उत्पन्न मिळत असतानाही ते नाकारणारा राजा इतिहासात विरळाच.

महाभारतातील द्यूताचा प्रसंग सर्वांना ज्ञात आहे. त्यातील एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ते द्यूत चोरून खेळले गेले नव्हते. ते राजसभेत, राजाच्या आज्ञेने व त्याच्या समक्ष झाले. विदुराने विरोध केला, पण धृतराष्ट्राने अनुमती दिली. आजच्या भाषेत सांगायचे तर ते परवानाप्राप्त द्यूत होते. परवान्याने त्यातील अनर्थ तसूभरही कमी झाला नाही.

निजाम राजवट, मुंबई इलाखा आणि कापूस

जालना शहर व परिसर सन १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचा स्वतःचा जुगारविषयक कायदा होता. तो १३०५ फसलीचा, म्हणजे इसवी सन १८९५-९६ च्या सुमाराचा. त्याआधी ब्रिटिश मुंबई इलाख्यात सन १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा लागू झाला होता. त्या काळी मुंबईत पावसावर पैजा लावण्याचा प्रकार इतका वाढला होता की कायद्यात पावसावरील पैजेचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. ज्या पावसाची वाट पाहत मराठवाड्यातील शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसे, तोच पाऊस शहरातील सटोडियांसाठी खेळाचा विषय झाला होता.

सन १९०० मध्ये मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्ग सुरू झाला आणि जालन्याच्या व्यापाराला नवे बळ मिळाले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, कापसाच्या गाठी, मोंढ्यातील उलाढाल यांमुळे ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण रूढ झाली. हे सोने फाशांतून आलेले नव्हते. शेतकऱ्याच्या घामातून, हमालाच्या पाठीवरून आणि व्यापाऱ्याच्या शब्दावरील विश्वासातून ते आले होते.

दुर्दैवाने ज्या कापसाने जालन्याला वैभव दिले, त्याच कापसाच्या नावाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा बेकायदा जुगार जन्माला आला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते व बंद भाव टेलिप्रिंटरने मुंबईच्या कापूस बाजारात येत, आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. सन १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले. मग आकड्यांच्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात टाकून काढल्या जाऊ लागल्या आणि ‘मटका’ हे नाव पडले. कापूस गेला, पण ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे बाजारातील शब्द मागे राहिले. गिरणी कामगाराच्या पगाराचा वाटा या आकड्यांत गेला आणि हळूहळू हा रोग तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला.

येथे व्यापार व द्यूत यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. व्यापारी जोखीम घेतो, हे खरे. पण त्याच्या जोखमीतून माल शेतातून गिरणीत आणि गिरणीतून ग्राहकाच्या अंगावर पोहोचतो. भाव चुकला तर नुकसान होते, तरी कापड शिल्लक राहते. द्यूतात मात्र काहीही निर्माण होत नाही. एकाचा पैसा दुसऱ्याकडे जातो आणि मधला भाग अड्डा चालविणारा घेतो.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय

हाच भेद स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या भाषेत मांडला. एप्रिल १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्याचा निकाल लागला. वृत्तपत्रातून चालणाऱ्या बक्षीस-कोड्यांच्या स्पर्धेवर मुंबई राज्याने कर व नियंत्रण लादले होते. व्यापाराच्या मूलभूत हक्काचा आधार घेऊन त्यास आव्हान देण्यात आले. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी ऋग्वेद, महाभारत व स्मृतिग्रंथांचे दाखले देत जुगार हा संविधानाला अभिप्रेत असलेला व्यापारच नव्हे, असा निर्वाळा दिला. मराठवाडा त्याआधी काही महिने, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मुंबई राज्यात समाविष्ट झाला होता. मोंढ्यातील व्यापाऱ्याला व्यापाराचा मूलभूत हक्क आहे, मटकेवाल्याला नाही, हे या निकालाने निश्चित झाले.

तथापि या निकालाने राज्यांवर बंदीची सक्ती केली नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत जुगार व पैज हा विषय राज्यसूचीत आहे आणि त्यावर कर बसविण्याचा अधिकारही तेव्हा राज्यांनाच होता. परवानगी द्यायची की नाही, हा निर्णय ज्या त्या विधिमंडळाच्या विवेकावर सोपविला गेला.

दोन कायदे, दोन वाटा

महाराष्ट्राने या बाबतीत नेहमीच एकसूत्री धोरण ठेवले, असे म्हणता येणार नाही. घोड्यांच्या शर्यतींवरील पैजांना परवाना होता. सन १९६९ मध्ये राज्याने स्वतःची लॉटरी सुरू केली. सरकारी सोडत मिळाली की लोक मटक्याकडे जाणार नाहीत, असा युक्तिवाद तेव्हा केला जाई. प्रत्यक्षात लॉटरीही चालली आणि पुढील दशकात मटकाही फोफावला. अधिकृत जुगार अनधिकृत जुगाराला हटवितो, या समजुतीची परीक्षा महाराष्ट्रात अशी आधीच होऊन गेली आहे.

त्यानंतर आला १९७२ चा दुष्काळ. त्या वर्षी खडी फोडणारे हात, सुकडीसाठी लागलेल्या रांगा आणि कोरड्या विहिरी जालना परिसरातील ज्येष्ठांच्या आजही स्मरणात आहेत. मागेल त्याला काम देणाऱ्या रोजगार हमी योजनेला मोठा निधी हवा होता. सन १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर लागू केला. नोकरदार, वकील, डॉक्टर, दुकानदार अशा कमावत्या वर्गाने थोडे थोडे द्यावे आणि त्यातून दुष्काळी भागातील मजुराला काम मिळावे, अशी ती कल्पना होती. सन १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि या योजनेतून झालेल्या पाझर तलावांनी, बांधबंदिस्तीने व रस्त्यांनी मराठवाड्याला आधार दिला.

याच काळात, आणीबाणीच्या वर्षी, सन १९७६ मध्ये कॅसिनो कायदा संमत झाला. मराठवाड्याचेच सुपुत्र शंकरराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. कायद्याच्या नावातच ‘नियंत्रण व कर’ हे दोन शब्द होते. परवाना द्यायचा, नियम घालायचे आणि उत्पन्न घ्यायचे, हा कौटिल्याचाच मार्ग. परंतु शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिवसापासून कायदा लागू होईल, असे त्यात म्हटले होते, आणि तो दिवस कधीच उजाडला नाही.

एकाच राज्याने दोन वर्षांत महसुलाच्या दोन वाटा आखल्या. एका वाटेवर कमावत्या नागरिकाला सरळ हात पसरून मागितले गेले, दुसऱ्या वाटेवर हरणाऱ्याच्या खिशातून मिळविण्याची योजना होती. पहिल्या वाटेने तलाव झाले. दुसरी वाट कागदावरच राहिली. तिच्यावाचून राज्याचे काही अडले नाही, हे पुढील इतिहासाने सिद्ध केले.

१९७६ हेच वर्ष, इतरत्र

योगायोग असा की, त्याच १९७६ साली शेजारच्या गोव्यात शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा झाला. तो जुगाराला प्रतिबंध करणारा होता. म्हणजे महाराष्ट्राने दार उघडणारा आणि गोव्याने दार लावणारा कायदा एकाच वर्षी केला. पुढे दोघांची भूमिका अगदी उलट झाली. गोव्याने सन १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांवरील खेळांना मुभा दिली, १९९६ मध्ये पाण्यावरील जहाजांतील खेळांना वाट करून दिली, आणि पाहता पाहता पणजीसमोर मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या. त्या नदीतून हलविण्याच्या घोषणा वारंवार झाल्या आणि वारंवार मुदतवाढही मिळाली. राजकोषाला एकदा सवय लागली की माघार घेणे किती कठीण होते, हे यावरून दिसते.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यानेही १९७६ मध्येच सार्वमत घेऊन अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहरात कॅसिनोला संमती दिली. सन १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला. खालावलेले शहर सावरेल, रोजगार वाढेल, ही अपेक्षा होती आणि काही काळ रोजगार वाढलाही. पण शेजारच्या राज्यांनीही तेच केले, तेव्हा गिऱ्हाईक विभागले गेले आणि एकट्या २०१४ मध्ये तेथील चार कॅसिनो बंद पडले. शहरातील गरिबी मात्र हटली नाही.

याहून बोलका आहे तो स्वतःच्या प्रजेविषयीचा नियम. सिंगापूरने २००५ मध्ये कॅसिनोचा निर्णय घेतला व २०१० मध्ये ते सुरू केले, पण परदेशी पाहुण्याला प्रवेश मोफत आणि स्वतःच्या नागरिकाला मात्र शंभर डॉलर प्रवेशशुल्क ठेवले. २०१९ मध्ये ते दीडशे केले. सिक्कीमने स्थानिकांना बंदी केली. गोव्यानेही सन २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास मज्जाव केला. ज्या वस्तूचा लाभ शासन सांगते, ती वस्तू आपल्या घरच्या माणसाने वापरू नये, अशी व्यवस्था तेच शासन करते. कोणताही प्रामाणिक दुकानदार असा माल दुकानात ठेवणार नाही, जो स्वतःच्या घरी नेण्याची त्याला भीती वाटते.

सत्तेचाळीस वर्षांनंतरचा निर्णय

महाराष्ट्रातील कायदा दरम्यान तसाच पडून होता. पर्यटन वाढेल, गोव्याला जाणारा पैसा राज्यात राहील, असे सांगून तो लागू करण्याची मागणी अधूनमधून होत असे. सन २०१५ मध्ये हा विषय मुंबई उच्च न्यायालयातही गेला आणि न्यायालयाने शासनाला निर्णय घेण्यास सांगितले. अखेर १८ ऑगस्ट २०२३ रोजी एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळाने कायदा रद्द करण्यास मान्यता दिली. गृहखाते सांभाळणारे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची या कायद्याविरुद्धची भूमिका आधीपासूनच स्पष्ट होती. पुढे विधिमंडळानेही निरसनाचे विधेयक संमत केले.

मात्र एवढ्याने प्रश्न संपला, असे समजणे भोळेपणाचे ठरेल. मधल्या काळात कॅसिनो भ्रमणध्वनीतून थेट माजघरात शिरला. ज्याला मुंबई वा पणजी गाठावी लागे, तो खेळ मध्यरात्री अंथरुणात पडल्या पडल्या खेळता येऊ लागला. तरुण कर्जबाजारी झाले, कुटुंबे हवालदिल झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅसिनोवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. ज्यावर सर्वाधिक दराने कर लावावा लागतो, त्याला प्रतिष्ठित उद्योग म्हणणे अवघड आहे.

खतावणीची दुसरी बाजू

परवान्याच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे अगदीच निराधार नाहीत. बंदीमुळे जुगार चोरवाटेने चालतो, त्यातून गुन्हेगारी पोसली जाते आणि शासनाला छदामही मिळत नाही, हे खरे आहे. मटक्याचा इतिहास त्याचीच साक्ष देतो. परवान्यामुळे काहींना रोजगार मिळतो, हेही खरे.

पण हिशेब मांडताना केवळ जमेची बाजू पाहून चालत नाही. कॅसिनोचा महसूल राजकोषाच्या वहीत जमा दिसतो. त्याचा खर्च मात्र निराळ्या वह्यांत पडतो. तो मोडलेल्या दागिन्यांत, सावकाराच्या पावतीत, दुकानाच्या थकलेल्या उधारीत आणि मुलांच्या सुटलेल्या शाळेत नोंदला जातो. त्या वह्या अर्थसंकल्पाच्या दिवशी कोणी उघडत नाही. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्याशिवाय ताळेबंद जुळला, असे म्हणता येत नाही.

शिवाय परवाना देणारे शासन तटस्थ राहत नाही. ते भागीदार होते. हरणारे वाढले तरच भागीदाराचे उत्पन्न वाढते. ज्याने प्रजेच्या संसाराचे रक्षण करावे, त्याचाच लाभ प्रजेच्या हरण्यात गुंतला, तर रक्षण कोणी करावे? धृतराष्ट्राच्या सभेत हाच प्रश्न निर्माण झाला होता.

म्हणून सत्तेचाळीस वर्षे न वापरलेला कायदा रद्द झाला, हे योग्यच झाले. राज्याला पैसा लागतो, आणि तो लागेल तेव्हा नागरिकांकडे उघडपणे मागण्याचे धैर्य राज्याने दाखवावे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने ते दाखविले आणि कमावत्यांनी व्यवसाय कर भरून मान राखला. जालना जिल्ह्यातील त्या काळातल्या पाझर तलावांत आजही पावसाळ्यात पाणी साठते.

बंदीचा कायदा सरकार करील, पण व्यसनाला उंबरठ्यावर अडविण्याचे काम घरालाच करावे लागते. दिवाळीत वहीपूजन झालेल्या पेढीवर रात्री पत्त्यांचा डाव बसू न देणे, आकडा लावणाऱ्या नोकराला वेळीच जवळ बसवून समजाविणे, हातात भ्रमणध्वनी घेतलेल्या मुलाच्या शेजारी घडीभर बसणे, ही कामे कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहत नाहीत.